मगरीतून खेकडा : लेगोच्या ‘क्रोकोडाइल लोकोमोटिव्ह’ संचाचे परीक्षण

लेगो कंपनीने जुलै २०२० मध्ये बाजारात आणलेला ‘क्रोकोडाइल लोकोमोटिव्ह’ हा १०२७७ क्रमांकाचा संच आता कंपनीच्या चालू यादीत नाही. जो मिळतो तो साठा करून ठेवलेल्या विक्रेत्यांकडे किंवा वापरलेल्या स्थितीत मिळतो. तरीही त्याचे सविस्तर परीक्षण लिहावेसे वाटते, कारण प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून स्वतःच्या कल्पनेने रेल्वे इंजिन घडवू पाहणाऱ्या मराठी माणसाला याच्याइतका चांगला गुरू मला दुसऱ्या कोणत्याही संचात सापडलेला नाही. हा संच मी एकदा जुळवला, काही महिने कपाटावर ठेवला, मग पूर्ण सोडवला आणि त्याने शिकवलेल्या गोष्टींच्या आधारे आपल्या भोर घाटात धावलेले ‘खेकडा’ इंजिन तयार केले. हे परीक्षण त्या दोन्ही कामांचे मिळून आहे, कारण दुसरे काम केल्याशिवाय पहिल्या संचाची खरी योग्यता मला कळली नसती.

ज्या मूळ इंजिनावरून हा संच घडवला आहे, त्याची ओळख आधी करून द्यायला हवी. स्वित्झर्लंडमधील गोटहार्ड मार्गाचे विद्युतीकरण १९२० च्या सुमारास झाले आणि त्या डोंगरी मार्गावर मालगाड्या ओढण्यासाठी सीई ६/८ वर्गाची इंजिने बांधली गेली. त्यांचा सांगाडा विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याने आणि विद्युतयंत्रणा ओर्लिकॉनच्या कारखान्याने बनवली. या नावातील ६/८ चा अर्थ असा की इंजिनाला आठ आस असून त्यांपैकी सहा आसांना शक्ती मिळते. उरलेले दोन आस दोन्ही टोकांच्या लहान चाकांचे असून ते वळणावर इंजिनाला वाट दाखवण्याचे काम करतात. इंजिनाचे तीन भाग असतात. मध्ये उंच केबिन आणि तिच्या पोटात ट्रान्सफॉर्मर, तर दोन्ही बाजूंना लांब, बसकी नाकाडे आणि त्यांत मोटारी. ही नाकाडे मधल्या भागाला बिजागरीसारखी जोडलेली असल्यामुळे वळणावर इंजिन अंग मोडत जाते आणि म्हणूनच लोकांनी त्याला मगर म्हटले.

आपल्याकडे याच घराण्यातले इंजिन १९२८ मध्ये आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातल्या मालगाड्यांसाठी ईएफ/१ वर्गाची एकूण ४१ इंजिने घेतली. त्यांपैकी पहिली दहा त्याच विंटरथूरच्या कारखान्यात बांधली गेली, तर उरलेली ३१ इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने बांधली. पुढे भारतीय रेल्वेत त्या वर्गाला डब्ल्यूसीजी-१ हे नाव मिळाले. त्यांपैकी एका इंजिनाला मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव दिले होते. घाटातले लोक मात्र या इंजिनाला सरळ ‘खेकडा’ म्हणत. गोटहार्डच्या मार्गावर हजार मीटरला सव्वीस-सत्तावीस मीटरचा चढ आहे आणि कर्जतहून खंडाळ्याकडे जाताना ३७ फुटांमागे एक फुटाचा, म्हणजे जवळजवळ तेवढाच. आल्प्समधली मगर सह्याद्रीत खेकडा होऊन आली, यामागे हे चढाचे साम्य आहे.

माझे बालपण कर्जतला गेले. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर, म्हणजे चढावर ढकलणारे जादा इंजिन, लागताना होणारा हलका धक्का, थोडा वेळ शांतता आणि मग पुढच्या व मागच्या इंजिनांच्या शिट्ट्यांची देवाणघेवाण हे सारे माझ्या कानांत अजून आहे. खेकड्याच्या चाकांना एकमेकांशी जोडणारे बाजूचे दांडे फिरू लागले की त्याच्या चालीतून चाबूक हवेत फिरवल्यासारखा एक सपसप आवाज येई. विजेच्या इंजिनाला वाफेच्या इंजिनासारखे दांडे कशाला, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. त्याचे उत्तर मला कळले ते पुस्तकातून नव्हे, तर हा संच जुळवताना माझ्याच हातांखाली.

संचात १,२७१ तुकडे आहेत. कंपनीच्या मुलांसाठीच्या रेल्वे संचांत इंजिन, डबे, रूळ, स्थानक असे सगळे थोडे थोडे दिलेले असते. येथे मात्र तेवढे तुकडे एकाच इंजिनावर खर्च केले आहेत. सोबत रुळाची एक पट्टी आणि नावाची पाटी आहे, तिच्यावर ठेवल्यावर लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास भरते. छताचा भाग उचलता येतो, आत केबिन दिसते आणि दोन्ही पँटोग्राफ हाताने वरखाली करता येतात. या गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या पाहणाऱ्यासाठी आहेत. जुळवणाऱ्यासाठीचा खजिना खाली, चाकांच्या पातळीवर आहे.

नाकाडाचा सांगाडा तयार होत असताना एक गोष्ट लक्षात येते. नेहमीच्या लेगो इंजिनात दोन आसांचा एक तयार गाडा असतो, तो मधल्या खुंटीवर फिरतो आणि त्यावर इंजिनाचे संपूर्ण अंग एका लांब पेटीसारखे ठेवलेले असते. (आपण प्रवासी बोलताना डब्याला बोगी म्हणतो, पण रेल्वेच्या कामगारांच्या तोंडी बोगी म्हणजे हा चाकांचा गाडा असतो, म्हणून येथे मी गाडा हाच शब्द वापरतो.) मगरीच्या संचात गाडा आणि नाकाड वेगळे नाहीत. नाकाडाचे वरचे अंग थेट चाकांच्या सांगाड्यावरच उभे राहते आणि वळणावर त्याच्यासह वळते. मधली केबिन या दोन नाकाडांच्या आधारावर पुलासारखी टेकलेली असते. खऱ्या इंजिनाच्या रचनेतले मुख्य तत्त्व हेच होते आणि ते प्लास्टिकमध्ये आणताना कुठेही सोपी पळवाट काढलेली नाही, ही या संचाची सर्वांत मोठी गुणवत्ता आहे.

हे तत्त्व किती उपयोगाचे आहे, ते आकड्यांत मांडून दाखवतो. लेगोचे वळणाचे सोळा रूळ जोडले की पूर्ण वर्तुळ होते आणि त्याची त्रिज्या ४० स्टड असते. स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा; दोन उंचवट्यांतील अंतर, म्हणजे एक स्टड, ८ मिलिमीटर, म्हणजे ही त्रिज्या अवघी ३२ सेंटिमीटर. समजा, ५२ स्टड लांबीचे इंजिन एकाच ताठ पेटीचे केले आणि त्याच्या दोन गाड्यांच्या खुंट्या एकमेकींपासून ३२ स्टडवर ठेवल्या, तर वळणावर इंजिनाचा मधला भाग रुळाच्या मध्यरेषेपासून आतल्या बाजूला तीन स्टडहून अधिक सरकतो. म्हणजे शेजारच्या रुळावरची गाडी, सिग्नलचा खांब, फलाटाची कड या सगळ्यांवर तो घासणार. टोके त्याच वेळी बाहेरच्या बाजूला लोंबतात, ते वेगळेच. तेच इंजिन तीन भागांत तोडून मधल्या भागाच्या खुंट्या १८ स्टडवर आणल्या, तर हे सरकणे सुमारे एका स्टडवर येते. मी हे गणित आधी कागदावर मांडले होते, तरी जुळवलेली मगर हाताने ढकलून पहिल्यांदा वळणावरून नेली तेव्हा तिची तीन अंगे एकामागून एक वळताना पाहून मी तिला कितीतरी वेळ पुढेमागे करत बसलो.

चालवण्याच्या बाबतीत मात्र खरेदीपूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. पेटीत मोटर नाही. पॉवर्ड अप मालिकेतील ८८००९ क्रमांकाचा हब (सेल आणि नियंत्रण असलेली पेटी) आणि ८८०१३ क्रमांकाची मोठी टेक्निक मोटर या वस्तू वेगळ्या घ्याव्या लागतात, शिवाय रिमोट हवा असल्यास तो तिसरा, नाहीतर फोनवरील ॲपमधून ब्लूटूथने इंजिन चालवता येते. हबमध्ये सहा बारीक सेल बसतात आणि दोन जोडण्यांची सोय असते. ज्यांना इंजिन कपाटावरच ठेवायचे आहे त्यांच्यावर मोटारीच्या किमतीचा बोजा टाकलेला नाही, हा विचार समजण्यासारखा आहे. तरी माझे मत असे की चाकांच्या चालीवर एवढी मेहनत घेतलेले इंजिन न चालवता ठेवणे म्हणजे तबला विकत घेऊन त्याची गवसणी न काढणे होय. मोटारीसह हिशेब करूनच हा संच घ्यावा.

किमतीचा प्रश्न आपल्याकडे अधिक टोचणारा आहे. अमेरिकेत या संचाची मूळ किंमत ९९.९९ डॉलर होती. आपल्याकडे २०२० मध्ये खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. देशी खेळणी उद्योगासाठी हे धोरण असेल, त्याबद्दल येथे वाद घालत नाही, परंतु परदेशातून सुटे तुकडे मागवणाऱ्या छंदकऱ्याला प्रत्येक पुडक्यामागे हा भार उचलावा लागतो. त्यामुळे माझा सल्ला असा की परदेशातील ओळखीचे कोणी येत असेल तर त्यांच्याकडे सबंध संच न मागता आधी चाके, दांडे आणि हब मागवावेत. बाकीचे साधे ठोकळे इथेच कुणाच्या तरी माळ्यावरच्या जुन्या डब्यांत मिळतात.

वापरलेला संच घेताना चाकांची संख्या आधी मोजावी. शक्तीच्या आसांवर बसणारी ही मोठी चाके कंपनीने २००९ च्या ‘एमराल्ड नाइट’ या वाफेच्या इंजिनाच्या संचात पहिल्यांदा आणली. त्याआधी हौशी मंडळींना मोठे चाक हवे असेल तर दुसऱ्याच कुठल्या तरी गोल तुकड्याला जुगाड करून रुळावर चालवावे लागे. आजही सुट्या बाजारात हीच चाके महाग मिळतात आणि म्हणूनच जुन्या संचांतून ती सर्वांत आधी नाहीशी होतात. छापील पुस्तिका हरवलेली असली तरी चिंता करू नये, कारण ती कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

आता खेकड्याकडे वळतो. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक खेकडा इंजिन जतन करून ठेवले आहे. त्याच्याजवळ मी तीन रविवार घालवले. मोजपट्टी, वही आणि एक पांढरी पट्टी एवढेच साहित्य होते. ती पट्टी ज्या भागाचे छायाचित्र घ्यायचे त्याच्या शेजारी धरली की घरी येऊन छायाचित्रावरून मापे काढता येतात. त्या तीन रविवारांत मला सर्वांत महत्त्वाचा फरक समजला. स्विस मगरीच्या टोकांना वाट दाखवणारी लहान चाके आहेत, खेकड्याला ती नाहीत. खेकड्याचे सहाच्या सहा आस शक्तीचे आहेत, म्हणजे इंजिनाचे संपूर्ण वजन ओढण्याच्या कामी येते. घाटात गाडी ओढताना चाक घसरू नये यासाठी वजन हेच भांडवल असते, तेव्हा बांधणाऱ्यांनी असे का केले हे तिथे उभे राहिल्यावर समजते. दांड्यांचे उत्तरही त्यातच आहे. एका नाकाडातील मोटारींची शक्ती दांड्यांनी तिन्ही चाकांना वाटली जाते. त्यामुळे एकच चाक ओल्या रुळावर सुटून गरगर फिरू लागले असे होत नाही, तिन्ही चाके एकमेकांना धरून राहतात.

मग प्रमाण ठरवायचे. इथे मला एक गोष्ट सापडली, जी आपल्याकडच्या प्रत्येक लेगो रेल्वेप्रेमीने जाणून घ्यावी असे वाटते. लेगोच्या रुळांतील अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर आहे. आठ स्टड रुंदीचे इंजिन केले, तर तीन मीटरहून थोड्या अधिक रुंदीच्या खऱ्या इंजिनासाठी प्रमाण १:४८ येते. या प्रमाणात लेगोचा रूळ खऱ्या जगातल्या १,८०० मिलिमीटरच्या रुळाइतका होतो. युरोपचा प्रमाणित रूळ १,४३५ मिलिमीटरचा, त्यामुळे तिकडच्या छंदकऱ्यांच्या आठ स्टडच्या इंजिनाखाली रूळ जवळजवळ एका स्टडने फाकलेले दिसतात आणि ते त्याबद्दल नेहमी हळहळतात. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. आपल्या इंजिनासाठी तोच फरक केवळ अडीच मिलिमीटरच्या आसपास उरतो. म्हणजे युरोपात बनलेला हा खेळण्याचा रूळ तिकडच्या इंजिनांपेक्षा आपल्या इंजिनांना अधिक शोभतो. सुमारे २० मीटर लांबीचा खेकडा १:४८ मध्ये ५२ स्टडचा होतो. वर दिलेले वळणाचे गणित याच लांबीचे आहे.

आराखड्यासाठी मी ‘स्टुडिओ’ हे संगणकावरील मोफत साधन वापरले. ते ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या बाजारपेठेचे आहे आणि २०१९ मध्ये ती बाजारपेठ लेगो कंपनीनेच विकत घेतली. त्याआधीपासून, १९९५ मध्ये जेम्स जेसिमन यांनी सुरू केलेली ‘एलड्रॉ’ ही तुकड्यांच्या आराखड्यांची पद्धत हौशी लोक वापरत आहेत आणि स्वयंसेवकांनी वाढवलेला तिचा तुकड्यांचा संग्रह अजून चालू आहे. स्टुडिओचा मोठा लाभ असा की दोन तुकडे एकाच जागेत घुसत असतील तर ते लगेच दाखवते आणि शेवटी लागणाऱ्या तुकड्यांची यादी तयार करून देते. पण पडद्यावर वजन नसते, हे मला फार उशिरा कळले. माझ्या पहिल्या आराखड्यात केबिन दोन्ही नाकाडांवर फक्त एकेका खुंटीवर टेकली होती. पडद्यावर ती सरळ रेषेत दिसे. प्रत्यक्षात हब आणि सेल बसवल्यावर ती मध्ये इतकी झुकली की नाकाडांची टोके उचलली गेली आणि टोकाची चाके रुळावरून अधांतरी झाली. तेव्हा मी पुन्हा मगरीच्या पुस्तिकेकडे गेलो आणि तिथल्या सांध्यांची रचना परत परत पाहून खुंटीच्या भोवती टाइलांची, म्हणजे वर स्टड नसलेल्या गुळगुळीत तुकड्यांची, बैठक केली. आता वजन बैठकीवर येते आणि खुंटी फक्त जागा धरून ठेवते. बैलगाडीचा आख आणि साटा यांच्यात जे नाते असते, तेच इथेही आहे.

चाकांच्या बाबतीत दोन अडचणी आल्या. पहिली अशी की माझ्या नाकाडातल्या पहिल्या आणि तिसऱ्या आसांत दहा स्टडचे अंतर आहे. एवढ्या अंतराचा ताठ सांगाडा ४० स्टडच्या वळणावर आला की मधले चाक मध्यरेषेपासून अडीच मिलिमीटर सरकू पाहते. त्याला कड, म्हणजे चाक रुळावर धरून ठेवणारी आतली किनार, असेल तर ते रुळाला अडते आणि सांगाडा वर चढतो. म्हणून मधले चाक बिनकडेचे घ्यायचे. मोठ्या चाकांचा असा बिनकडेचा प्रकार ‘एमराल्ड नाइट’पासूनच मिळतो. दुसरी अडचण दांड्यांची होती. सायकलचे पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना जसे पायाने नुसते दाबून ते पुढे जात नाही, तसेच दांड्यांचे होते. दोन्ही बाजूंचे दांडे एकाच वेळी त्या जागी आले की एखादे चाक उलट्या दिशेने वळू पाहते आणि सगळी चाल अडकते. म्हणून डाव्या बाजूचा दांडा उजव्या बाजूच्या ९० अंश मागे ठेवायचा असतो. खऱ्या इंजिनात हे फार काटेकोर काम असते. लेगोमध्ये ते सहज साधते, कारण चाकाच्या मध्यभागी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे भोक आहे आणि आसही त्याच आकाराचा आहे. आस एका चौथाईने फिरवून घातला की ९० अंश बिनचूक मिळतात. माझ्याकडून सहा आसांपैकी एका आसावर ही चौथाई उलट दिशेने बसली होती आणि दर फेऱ्याला इंजिन अडखळत होते. ती चूक शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

नाकाडाच्या बाजूंवरील झडपा दाखवण्यासाठी मी ठोकळे आडवे लावले. एक साधी गोष्ट पाठ असली की हे काम सोपे होते. प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणजे पाच प्लेटा एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टड. या हिशेबाने आडव्या लावलेल्या जाळीच्या टाइला उभ्या ठोकळ्यांमध्ये फट न राहता बसतात. नाकाडाच्या दोन्ही बाजूंना अशा जाळ्या लावल्यावर इंजिनाला लांबूनही खेकड्याचे रूप आले.

रंग मात्र मी मगरीचाच, तपकिरी ठेवला, कारण बरेच तुकडे त्याच संचातून वापरायचे होते. कमी पडलेले सुमारे दोनशे तुकडे एका विक्रेत्याकडून मागवले, तर त्यांपैकी निम्म्यांहून अधिक तुकडे वेगळ्या छटेचे निघाले. तपकिरी म्हणून एकाच नावाखाली जुन्या आणि नव्या छटा मिसळून पाठवल्या होत्या आणि तक्रार केल्यावर ‘फरक दिवसा दिसत नाही’ असे उत्तर आले. दिवसाच तो अधिक दिसतो. शेवटी त्या छटेचे सगळे तुकडे मी खालच्या भागात, दांड्यांच्या मागे लावले. जे कोणी तपकिरी रंगात काम करणार असतील, त्यांनी विक्रेत्याकडून आधी दोन-चार तुकड्यांचे उन्हात घेतलेले छायाचित्र मागवावे.

तयार इंजिनाची परीक्षा चढावर घ्यायची असे मी पहिल्यापासून ठरवले होते आणि इथे लेगोच्या मापांनी मला एक आनंदाचा धक्का दिला. सरळ रूळ सोळा स्टड, म्हणजे १२८ मिलिमीटर लांब असतो. प्रत्येक रुळाच्या सांध्याखाली एकेक प्लेट वाढवत गेले, तर १२८ मिलिमीटरला ३.२ मिलिमीटर, म्हणजे चाळीसास एक असा चढ मिळतो. भोर घाटाचा चढ सदतिसास एक. एवढ्या जवळचा घाट मला जेवणाच्या टेबलावर मिळेल असे वाटले नव्हते. सोळा रूळ, शेवटच्या सांध्याखाली सोळा प्लेटांचा थर आणि एकूण उंची पाच सेंटिमीटरच्या थोडी वर. चढ सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे पहिल्या दोन रुळांना अर्धाच चढ द्यावा लागतो, नाहीतर लांब इंजिनाची मधली चाके अधांतरी होतात. अर्ध्या प्लेटीचा तुकडा मिळत नसल्याने मी तिथे जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या.

पहिल्या खेपेला मी फक्त पुढच्या नाकाडाला मोटर जोडली होती. सपाटीवर पाच डबे सहज निघाले. चढावर तिसऱ्या रुळाशी चाके घसरू लागली, कारण चढावर इंजिनाचे वजन मागच्या नाकाडावर जाते आणि मागच्या चाकांना शक्तीच नव्हती. हबच्या दुसऱ्या जोडणीवर मागच्या नाकाडासाठी आणखी एक मोटर बसवली. वरळीला उभा राहून जे मी वहीत लिहून घेतले होते, की सहाच्या सहा आस कामाला लागले पाहिजेत, ते इथे माझ्याच टेबलावर सिद्ध झाले. तीन डबे वर गेले. चौथा डबा जोडल्यावर अकराव्या रुळाशी गाडी पुन्हा थांबली.

त्यानंतर जे केले त्यासाठी मला मगर नव्याने जुळवावी लागली आणि खेकड्यात गेलेल्या तिच्या तुकड्यांची भरपाई करण्यात दोन महिने गेले. आता घाटाच्या पायथ्याशी पाच डब्यांची गाडी उभी असते, पुढे खेकडा आणि मागे बँकर म्हणून मगर. दोघांचे हब वेगवेगळे असल्याने वेग जुळवणे हे खरे कसब आहे. मागचे इंजिन जास्त जोर लावू लागले की मधले डबे रुळावरून उचलले जातात, कमी लावले की ते स्वतःच ओझे होते. पुढच्याला आधी थोडे चालू देऊन कड्या ताणल्या की मागच्याला हळूहळू वेग द्यायचा, ही रीत बसायला बरेच दिवस लागले. ती बसल्यावर सोळाही रूळ पार होतात आणि माथ्यावर पोहोचताच मी मगरीची कडी सोडून तिला उतरणीवरून एकटीला परत पायथ्याशी आणतो, जशी बँकर इंजिने काम संपवून कर्जतला परत येत.

संच घ्यावा की नाही, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच विचारतो की तुम्ही तो सोडवणार आहात का. सोडवणार असाल तर वापरलेला, पुस्तिकेशिवायचा, खोके फाटलेला संचही चालेल, फक्त बाराही मोठी चाके मोजून घ्या आणि रुळासाठी टेबलावर किमान दोन मीटर लांबीची जागा आधीच मोकळी करून ठेवा.